सिगार, शिराझ आणि सिन्नरच्या मावशी

गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत मी टेस्टिंग रूम सांभाळते. फेब्रुवारीअखेरचा शनिवार, द्राक्षतोडणी ऐन भरात, पहाटेपासून क्रेटवर क्रेट येत होते. त्यातच पुण्याच्या एका साहेबांची साठी आमच्याकडे होती. जेवणानंतर मित्रमंडळी सिगार ओढणार, सोबत तुमच्याकडची सगळ्यात दणकट रेड हवी, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे ओकच्या बॅरलमध्ये मुरलेली कॅबरने सोव्हिन्यों, त्याच नावाच्या द्राक्षाची वाईन.

मला ते पटत नव्हतं. कॅबरने द्राक्षाची साल जाड, त्यामुळे टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट घटक, भरपूर. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड तुरट पडतं. मटणासोबत हीच तुरटी झकास लागते, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी तिला झेलतात. धुरात झेलणारं काहीच नसतं, उलट सिगारनेही तोंड कोरडंच पडतं. दोन्ही एकत्र आले की वाईनमधलं फळ हरवतं आणि कडवटपणा तेवढा उरतो. सिगारसोबत पोर्ट घ्यायची जुनी रीत आहे, तिच्यामागे हेच कारण असावं. पोर्तुगालमधल्या दौरू खोऱ्यातली ती वाईन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि तो गोडवा धुराला सांभाळून घेतो.

दुपारी सिगारची पेटी माझ्या हातात आली. लाकडी, सुंदर, पण साधीच. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी ह्युमिडॉर, म्हणजे आतली हवा दमट ठेवणारी खास पेटी असते. ही पेटी मात्र बरेच दिवस कपाटात आणि मग गाडीत होती, आणि आपल्याकडची उन्हाळ्याच्या तोंडावरची हवा किती कोरडी, ते नाशिककरांना सांगायला नको.

आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी ग्लास पुसत होत्या. त्या मूळच्या सिन्नरच्या, लग्नाआधीपासून विड्या वळलेल्या. तिथे मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे बोटांना सवड अशी नसतेच. त्यांनी एक सिगार उचलली, कानाशी नेऊन हलकेच दाबली.

"ताई, ही वाळलीये. करकर वाजती बघा. वढली तर भडभड जळंल अन् कडू लागंल."

मग पेटीतली एकेक सिगार त्यांनी दाबून पाहिली. ॲल्युमिनियमच्या नळीत बंद होत्या तेवढ्याच मऊ निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांवर पाणी मारू का, असं आमच्या पोराने विचारलं, तर मावशींनी त्याला तिथंच थांबवलं. "ते टेंभुर्णीचं पान न्हाई, भिजवून फडक्यात गुंडाळायला." बरोबरच होतं. विडी टेंभुर्णीच्या पानात वळतात, सिगारचं मात्र वरचं पानसुद्धा तंबाखूचंच असतं आणि वाळलेली सिगार हळूहळू, दिवसच्या दिवस दमट हवेत ठेवूनच सावरते. घाईने भिजवली की फुगून फाटते.

संध्याकाळी साहेबांना मी सगळं नीट सांगितलं. ते नाराज झाले, पण नळीतल्या सिगारवर तयार झाले. मंडळींना बाहेर, टेस्टिंग रूमपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८पासून बंदी आहेच, शिवाय खोलीत धूर कोंडला तर इतर पाहुण्यांना वाईनचा वास म्हणून येणार नाही. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो, हेही मी अशा वेळी स्पष्ट बोलते. पाहुण्यांचा मूड जातो, जाऊ दे.

दोन ग्लास ठेवले. एकात त्यांची कॅबरने, दुसऱ्यात आमची तीन वर्षं मुरलेली शिराझ: पिकल्या जांभळासारखं फळ, मागून मिऱ्याचा झणका, टॅनिन मवाळ. दोन्ही १६ अंशांवर, कारण बाहेर ग्लास लवकर तापतो आणि मग अल्कोहोल नाकात चढतं. सिगार पेटवण्याआधीच दोन्ही चाखायला लावल्या. धुरानंतर नाक बोथट होतं. मग एक झुरका, तोही तोंडातच, छातीत नाही. थोडं थांबून पाणी, मग वाईन.

कॅबरनेवर साहेबांचा चेहरा आक्रसला. शिराझचा घोट घेऊन ते काही बोलले नाहीत, फक्त ग्लास पुढे केला.

"सिगार कोणी निवडल्या?" त्यांनी विचारलं. मी मावशींना बोलावलं. त्यांनी तडकलेली एक सिगार ताटलीत घेऊन नखाने उलगडली: वरचं रेशमी पान, त्याखालचं बांधणारं जाड पान आणि आत लांबच्या लांब दुमडलेली पानं. विडीत भुगा असतो, इथं अख्खं पान, हे पाहून मावशींनाही नवल वाटलं. एवढी पानं सारखी कशी बसवत असतील, यावर त्या आणि साहेब बराच वेळ बोलत राहिले. साहेबांना विडीची घडी कशी बसते तेही पाहायचं होतं. मावशींनी कागदी नॅपकिन फाडून करून दाखवली.

कॅबरनेची उरलेली बाटली मी बूच लावून त्यांच्या खोलीवर पाठवली, दुसऱ्या दिवशीच्या मटणासाठी.