पडद्यावरच्या दोन ओळी

मंगळवार, रात्री उशिरा

आज एका ॲपने मला चोर ठरवले. तीन संध्याकाळी खर्चून आईसाठी जुन्या फोटोंचा स्लाइडशो जुळवला, शेवटी तिचे आवडते गाणे जोडले आणि जतन करताच आवाज बंद होऊन पडद्यावर दोन ओळी उमटल्या की या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसऱ्या कोणाकडे आहे. गाणे मी रीतसर पैसे देऊन घेतलेले होते! ऐकण्यासाठी घेणे निराळे आणि फोटोंना जोडून चारचौघांत पाठवणे निराळे, हे मला या वयात एका ॲपने शिकवावे याचा राग जास्त आला की लाज, हे अजून ठरत नाही.

मग बेथोव्हेन लावून पाहिला. तो १८२७ मध्ये गेला, त्याच्या रचनेवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही. परंतु मी लावलेले वादन अलीकडचे होते आणि त्या मुद्रणाचा हक्क शाबूत होता. पुन्हा त्याच दोन ओळी. त्यांत ‘चोर’ हा शब्द कुठेही नव्हता, तो माझा मीच वाचत होते. बरे, फोटो तरी माझे म्हणावेत, तर निम्मे मावशीने काढलेले. आणि फोटोत मी असले तरी हक्क साधारणपणे काढणाऱ्याचाच असतो. दादाला हे सांगणार होते, पण ते राहू दे.

वाचता वाचता कळले की बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९०८ साली झालेल्या दुरुस्तीपासून या हक्कासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. म्हणजे माझा तो धुक्यातला फोटो धाकटीने नाव न घालता सगळीकडे फिरवला, तेव्हा मी महिनाभर धरलेला अबोला अगदी कायद्याला धरून होता. या शोधाने बरे वाटले आणि लगेच वाटेनासेही झाले, कारण त्या महिन्यात मी तिला जे जे बोलले, त्याच्या मानाने ॲपच्या दोन ओळी फारच सभ्य होत्या.

शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालची, श्रेय दिले की वापरता येणारी एक पियानोची धून मिळाली. अखेरच्या स्लाइडवर त्या अनोळखी वादकाचे नाव आणि परवाना लिहिला, मग मावशीचे नाव, मग माझे. माझ्या नावाची अक्षरे अंमळ मोठी झाली आहेत. उद्या लहान करीन.