त्याचं नाव कोणीच सांगितलं नाही

रविवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटक बघायला गेलो होतो. मी, आई आणि माझी लेक. दुपारी चारचा प्रयोग होता. नाटकाचं नाव लिहीत नाही, निर्मात्याचं पण नाही, कोणाची बदनामी करायची नाहीये मला. पण जे झालं ते चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

आधी आईचं सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. बाबा जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून आई नाटकाला आलीच नव्हती. त्याआधी दोघं महिन्यातून एकदा तरी यायचे, ऐरोलीहून बस पकडून ठाण्याला, नाटक बघायचं, मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा, नाटक सुटलं की तलावपाळीला एक चक्कर मारायची आणि परत घरी. बाबांच्या आजारपणात हे सगळं बंद पडलं. तेव्हा रात्री एक सिरीयल लागायची ती दोघं न चुकता बघायचे, त्यातला एक नट बाबांना इतका आवडायचा की एरवी औषधाला कुरकुर करणारे बाबा तो स्क्रीनवर आला की गुपचूप गोळ्या घ्यायचे, आणि आईने मग औषधाची वेळच त्याच्या एन्ट्रीवर लावून घेतली होती.

तोच नट या नाटकात आहे. जाहिरातीत त्याचा भलामोठा फोटो. मी आईला सहज दाखवला तर ती थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, काढ तिकीट. मला खरंच भरून आलं. पाचशेवाली तीन काढली, गुडघ्यांमुळे बाल्कनीचा जिना नको म्हणून खालची, पाचवी रांग. रविवारी ती मोतिया रंगाची साडी नेसून आली, गजरा माळून. नूतनीकरणासाठी गडकरी बरेच महिने बंद होतं, त्यानंतर ती पहिल्यांदाच आत आली, सगळीकडे बघत होती, बाबा कुठे बसायचे ते नातीला दाखवत होती.

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. आणि मग अनाउन्समेंट. काही अपरिहार्य कारणामुळे आजच्या प्रयोगात अमुक अमुक यांच्याऐवजी बदली कलाकार भूमिका करतील, रसिकांनी सहकार्य करावं. बस. एवढंच. मोबाईल बंद ठेवा आणि लहान मुलं रडली तर बाहेर न्या, याच्या बरोबर मध्ये कुठेतरी हे सांगून टाकलं.

अंधारात एकदम गलका झाला. मागून एक काका ओरडले, पैसे परत द्या. कोणीतरी म्हणालं आधी का नाही सांगितलं. खुर्च्या वाजल्या, वीसतीस लोक तरी उठून गेले असतील, एक आख्खी फॅमिली आमच्या पुढून गेली, त्यांच्या छोट्या मुलीला कळेचना की आता तर आलो आणि लगेच का चाललो. पडदा अजून बंद होता. मी आईचा हात धरला, म्हटलं जायचं का. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ती म्हणाली, "बस गं. तो पोरगा पडद्यामागे उभा असेल ना, त्याला हे सगळं ऐकू जात असेल."

मला त्याचा विचारच आला नव्हता. मी रागातच होते. आणि तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही, हे स्पष्ट लिहिते. "नाटक मोठं की नट", "खरा रसिक संहितेसाठी येतो" वगैरे बोलणारे लोक असतात. पण जाहिरात नटाची करायची, फोटो नटाचा लावायचा, तिकीट त्याच्या नावावर विकायचं आणि तो नसला की प्रेक्षकाला रसिकपणा शिकवायचा, हे मला पटत नाही. आपल्याकडे नटासाठीच नाटकाला जाण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव जाहिरातीत सगळ्यात शेवटी यायचं, आधी "आणि" लिहून, आणि त्या एका "आणि"वर लोक तिकीट काढायचे. आमच्या ठाण्यातच बघा ना, दोन नाट्यगृहं, एकाला राम गणेश गडकरींचं नाव म्हणजे लेखकाचं, दुसऱ्याला घाणेकरांचं म्हणजे नटाचं. दोन्ही लागतात.

तर नाटक सुरू झालं. भूमिका पंचावन्न-साठच्या माणसाची, रिटायर्ड बँकवाला, आणि आला तो तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, केसांना पांढरा रंग लावलेला. कोट खांद्यावर उतरत होता, पाठ फिरवली की मागे पिना मारलेल्या दिसायच्या. पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. त्या नटाच्या काही लकबी सगळ्यांना पाठ आहेत, रील्सवर तेच सीन फिरतात, लोक त्या जागांची वाट बघत बसलेले आणि ती जागा आली की नुसती शांतता. हा मुलगा हशासाठी थांबायचा, हशा यायचा नाही, मग घाईघाईत पुढचं वाक्य. म्युझिकसुद्धा उशिरा पडत होतं. दाराची बेल दार उघडल्यावर वाजली. मागे कोणीतरी हसलं, आणि ते हसणं नाटकाला नव्हतं.

आई मात्र खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. लेकीच्या स्नेहसंमेलनात बसायची तशी.

मध्यंतराच्या थोडं आधी त्याचं वाक्य गेलं. फोनवरचा सीन, फोन खाली ठेवला आणि ब्लँक. चार-पाच सेकंदच असतील पण आत बसलेल्याला ती किती लांब वाटतात. त्याच्यासोबत काम करणाऱ्या बाई खूप सिनियर आहेत, त्या टेबलावरचे कपडे घडी करत होत्या, त्यांनी मान वरसुद्धा केली नाही, घडी करता करताच म्हणाल्या, पेन्शनचं काय म्हणाले मग ते? आणि याची गाडी सुरू झाली. आयतं वाक्य हातात ठेवलं त्यांनी, कोणाला कळलंही नसेल. मला कळलं कारण आईने माझा हात दाबला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण तो बदलला. त्या मोठ्या नटासारखं करायचा प्रयत्न त्याने सोडून दिला. दुसऱ्या अंकात म्हातारा मुलाला घराच्या किल्ल्या देतो तो सीन आहे, जाहिरातीत मी बघितलंय की तिथे तो नट टिपेला जाऊन बोलतो आणि टाळ्या घेतो. या मुलाने ते सगळं हळू आवाजात केलं, अगदी हळू, पुढे वाकून ऐकावं लागत होतं, आणि किल्ल्या देताना एक किल्ली जुडग्यातून सुटत नाही म्हणून तो नखाने रिंग उघडत बसला, खरंच उघडत होती का नव्हती माहीत नाही, पण बाबा तसेच करायचे. माझे बाबा. आई रडत होती आणि मीपण. घामाने केसांचा पांढरा रंग कानामागे ओघळला होता आणि कोणाला काही वाटत नव्हतं.

शेवटी सगळे कलाकार पुढे आले तेव्हा हा मागेच उभा. त्या सिनियर बाईंनी हाताला धरून पुढे ओढलं. पुष्कळ लोक उभे राहिले. आणि तेव्हासुद्धा कोणी त्याचं नाव सांगितलं नाही. पडदा पडला, पुढच्या प्रयोगाच्या तारखा सांगितल्या, त्या नटाच्या नावासकट.

आई म्हणाली, नाव काय गं त्याचं?

मी ॲपवर बघितलं, तिथे त्या नटाचा फोटो. बाहेरच्या बोर्डावर त्या नटाचा फोटो. बुकिंगच्या खिडकीत विचारलं, तर ते म्हणाले आम्हालाच दुपारी कळलं मॅडम, नाव नाही माहीत. दुपारी कळलं होतं म्हणजे दुपारी सांगता आलं असतं ना? तिकीट ॲपवर काढतो आपण, प्रत्येकाचा मोबाईल नंबर त्यांच्याकडे असतो, ऑफर असली की मेसेज येतो. दुपारी एक मेसेज पाठवायचा, खिडकीवर एक कागद चिकटवायचा, ज्यांना नको असेल त्यांना पैसे किंवा दुसरी तारीख द्यायची. जे उरले असते ते या मुलाला बघायला बसले असते. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात सांगितलं की सगळा राग त्याच्या अंगावर जातो, जो बिचारा त्या दिवशी सगळ्यांचा प्रयोग वाचवतोय.

बाहेरच्या देशात हे होत नाही असं नाही. २०१६ मध्ये लंडनला सनसेट बुलेवार्ड या म्युझिकलमध्ये ग्लेन क्लोज आजारी पडली आणि तिच्या जागी रिया जोन्स उभी राहिली, तेव्हाही लोक उठून गेले होते, पैसे मागितले होते, आणि जे थांबले त्यांनी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. याच बाईने १९९१ मध्ये, ते नाटक अजून घडत होतं तेव्हा, हाच रोल पहिल्यांदा करून दाखवला होता. लोकांना कुठे माहीत होतं! पण तिकडे निदान पद्धत ठरलेली आहे. अंडरस्टडी, म्हणजे ऐनवेळी उभा राहायला तयार ठेवलेला बदली कलाकार, पगारावर असतो, त्याच्या तालमी होतात, ब्रॉडवेवर तर नाटकाच्या नावाच्या वर ज्याचं नाव छापलंय तो नसेल तर सहसा पैसे परत किंवा दुसरी तारीख मिळते, आणि बदली कोण आहे ते कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घालून किंवा लॉबीत बोर्ड लावून नावासकट सांगतात. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, द म्युझिक मॅनमध्ये सटन फॉस्टरच्या जागी कॅथी वॉयटको ऐनवेळी उभी राहिली, तेव्हा शेवटी ह्यू जॅकमनने स्वतः स्टेजवर तिचं नाव घेऊन तिचं कौतुक केलं होतं. तो व्हिडिओ मी या चार दिवसांत कितीतरी वेळा बघितला.

आपल्याकडे पगारी अंडरस्टडी परवडत नाही हे मला कळतं. कलाकाराला प्रयोगाची नाईट मिळते, म्हणजे त्या प्रयोगापुरते पैसे, काम नाही तर नाईट नाही, मग नुसतं तयार राहायला कोण राहील? आणि मोठे नट दिवसभर सिरीयलच्या शूटिंगला, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकले की संपलं. त्या दिवशी नेमकं काय झालं माहीत नाही, तो आजारीसुद्धा असेल, माणूस आहे. त्याच्यावर माझा राग नाहीच.

आणि बदली म्हणजे कमी, असं तरी कुठे आहे. नटसम्राट १९७० मध्ये आलं तेव्हा डॉ. लागू होते, नंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा कितीतरी जणांनी ते केलं. आमच्या आजोबांसाठी त्यातले आप्पा बेलवलकर, म्हणजे नाटकाचा नायक, म्हणजे लागू आणि विषय बंद. आईने पाहिले ते यशवंत दत्त, त्यामुळे तिच्यासाठी बेलवलकर म्हणजे यशवंत दत्त, यावरून बापलेकीची जेवणाच्या ताटावर भांडणं व्हायची. पण त्यांना नावं माहीत होती. भांडायला तरी नाव लागतं.

आई ऐकेना म्हणून मागच्या बाजूला गेलो. सेटचे फ्लॅट टेम्पोत चढत होते आणि तो मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून ते चढवायला हात लावत होता! आईने हाक मारली, "अरे बाळा, जरा इकडे ये." तो आला, पाया पडला. म्हणाला, "काकू, सॉरी, तुम्ही दादांसाठी आला असाल." आई म्हणाली, "हो रे, त्यांच्यासाठीच आले होते. पण तू छान केलंस. किल्लीचं तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला कोणी नाही, किल्ली खरंच अडकली होती.

तो नाटकाचं म्युझिक ऑपरेट करतो. तालमीत दादा शूटिंगला असले की हाच प्रॉक्सी उभा राहायचा, त्यामुळे पाठ होतं सगळं, पण लोकांसमोर कधीच केलं नव्हतं. अकरा वाजता फोन आला. कोट दादांचाच. आणि त्याच्या जागी म्युझिकला बसलेल्याला सगळे क्यू माहीत नव्हते, म्हणून ती बेल. त्या बेलबद्दल त्याला स्वतःच्या चुकलेल्या वाक्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

आईने नाव विचारलं, त्याने सांगितलं. मी म्हटलं मी ब्लॉग लिहिते, तुझं नाव लिहिते. तर तो एकदम घाबरला, म्हणाला प्लीज नको ताई, दादांना आणि ऑफिसला वाटेल मीच लिहायला लावलं, परत उभं करणार नाहीत. म्हणून नाही लिहिलं. लिहायला हात शिवशिवतायत पण शब्द दिलाय.

पुढचा प्रयोग वाशीला आहे, विष्णुदास भावेला. दादा असणार आहेत, हा परत म्युझिकला. आईने रिक्षातच सांगून टाकलं की आपण जायचं, ऐरोलीहून वाशी जवळच आहे. मी म्हटलं, बरं झालं, बाबांचा नट बघायचा राहिला होता ना तुझा. ती म्हणाली, "तो तर बघूच. पण हा डाव्या विंगेत बसतो म्हणाला. डावी विंग दिसायला आपण उजवीकडे बसायला पाहिजे ना गं?"