ब्राउझर चालतो आणि इन्स्टॉलेशन मात्र अडते, तेव्हा प्रॉक्सी कुठे तपासावी

ब्राउझरमध्ये सगळी संकेतस्थळे सुरळीत उघडतात, आणि तरीही टर्मिनलमधून एखादे पॅकेज बसवायला गेले की ते शून्य टक्क्यांवर बराच वेळ ताटकळते आणि शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश येतो. प्रॉक्सी म्हणजे आपल्या आणि इंटरनेटच्या मधला, सगळ्या मागण्या पुढे पाठवणारा सर्व्हर. तिच्यामागे काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी ‘प्रॉक्सी भरली आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. इंटरनेटवरून काही मागणारा प्रोग्राम नेमका कोणता, तो कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि प्रॉक्सीचा पत्ता तो कुठून वाचतो, हे विचारले की बहुतेक गुंता तिथेच सुटू लागतो.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर हे स्पष्ट दिसते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर आपण जी प्रॉक्सी भरतो, ती आपल्या खात्याच्या डेस्कटॉपपुरती असते. ब्राउझर ती वाचतो, आणि नोम या डेस्कटॉपचे टर्मिनल तिच्यावरून प्रॉक्सीची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचतात ती नाव दिलेली मूल्ये, भरून ठेवते. पण पॅकेज बसवताना आपण प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारे ‘सुडो’ वापरतो, आणि सुडो सुरक्षिततेसाठी आपल्या खात्यातली बहुतेक व्हेरिएबल्स बाजूला काढून कोऱ्या वातावरणात कमांड चालवते. त्यामुळे पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या ‘ॲप्ट’पर्यंत प्रॉक्सीचा पत्ता पोहोचतच नाही. खात्री करायची असल्यास व्हेरिएबल्सची यादी दाखवणारी ‘एन्व्ह’ ही कमांड एकदा नुसती आणि एकदा सुडो लावून चालवावी. पहिल्या यादीत प्रॉक्सीच्या ओळी दिसतात आणि दुसरीत त्या नसतात.

उबुंटूच्या २५.१० पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडोला ‘उणे ई’ (-E) हा पर्याय दिला की तेवढ्यापुरते काम होते. कायमचा उपाय म्हणजे ॲप्टच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये एक लहानशी फाइल करून तिच्यात प्रॉक्सीचा पत्ता लिहिणे. त्या ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच. तो राहिला तर ‘एक्स्ट्रा जंक ॲट एंड ऑफ फाइल’ अशी एरर येते, आणि त्या शब्दांवरून खरे कारण सहजासहजी लक्षात येत नाही. फाइल लिहून झाल्यावर ‘ॲप्ट-कॉन्फिग डम्प’ चालवून ॲप्टला कोणती प्रॉक्सी दिसते आहे ते डोळ्यांनी पाहावे. स्नॅप या उबुंटूच्या दुसऱ्या पॅकेज-पद्धतीची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तिथे डाउनलोड करणारी सेवा पार्श्वभूमीत स्वतंत्रपणे चालते आणि तिला ‘स्नॅप सेट सिस्टिम’ या कमांडनेच पत्ता द्यावा लागतो. विंडोजवरही असाच भेद आहे: वापरकर्त्याची प्रॉक्सी वेगळी आणि पार्श्वभूमीतल्या सेवा वापरतात ती विनएचटीटीपी या विंडोजच्या घटकाची वेगळी, आणि ही दुसरी ‘नेटशेल’ (netsh) या कमांडमधून पाहता येते.

एररचा संदेश नीट वाचण्याची सवय फार उपयोगी पडते. ‘टाइम्ड आउट’ आले तर प्रोग्राम बहुधा प्रॉक्सीला वगळून थेट बाहेर जाऊ पाहतो आहे आणि फायरवॉल त्याची मागणी गिळून टाकते आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर पत्त्यावर यंत्र आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे पत्त्यापुढे लिहिलेल्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारे कोणी नाही, म्हणून तो क्रमांक ३१२८ की ८०८० हे पुन्हा पडताळावे. ४०७ हा एररचा आकडा मात्र मला आश्वासक वाटतो, कारण आपण प्रॉक्सीपर्यंत व्यवस्थित पोहोचलो आहोत आणि अडले आहे ते फक्त नाव आणि पासवर्ड यांच्यापाशी, एवढे तो निश्चित सांगतो. पासवर्डमध्ये @ हे चिन्ह असेल तर तिथे हमखास घोटाळा होतो, कारण पत्त्यात त्या चिन्हापुढे सर्व्हरचे नाव सुरू होते असे मानले जाते. त्याच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून ४० लिहावे. असा पासवर्ड फाइलमध्ये उघडाच राहतो, म्हणून तो इतर कुठेही वापरलेला नसावा.

आणखी एका ठिकाणी अनेकांचा वेळ वाया जातो. एचटीटीपीएससाठीच्या प्रॉक्सीचा पत्ताही बहुतेक ठिकाणी ‘एचटीटीपी’नेच सुरू होतो आणि ते बरोबरच आहे. आपल्यापासून प्रॉक्सीपर्यंतचा संवाद साधा असतो आणि ‘कनेक्ट’ या विनंतीनंतर त्याच्या आतून सुरक्षित जोडणी पुढे जाते. तिथे एस जोडून दुरुस्ती करू नये.

उबुंटूच्या मूळ भांडारातली, म्हणजे पॅकेजे ठेवलेल्या तिच्या स्वतःच्या सर्व्हरवरची, पॅकेजे येतात, पण बाहेरच्या भांडारांपाशी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची एरर येते, असे झाले तर प्रॉक्सी सुरक्षित जोडणी उघडून तपासते आहे का ते पाहावे. मूळ भांडाराचे पत्ते अनेकदा साध्या एचटीटीपीचे असतात आणि तिथली पॅकेजे डिजिटल सहीवरून पडताळली जातात, म्हणून ती बिनबोभाट येतात. यावर प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो कोणीही मानू नये असे मी कळकळीने सांगेन. नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून त्यांचे मूळ प्रमाणपत्र मागून घ्यावे, सीआरटी हे एक्स्टेन्शन देऊन ते प्रणालीच्या प्रमाणपत्रांच्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावे आणि ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवावे.

लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेला की ॲप्टच्या फाइलमधली ती ओळ तशीच राहते आणि मग प्रॉक्सीचे नाव सापडत नसल्याची एरर येते. म्हणून ती ओळ नेहमी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे गरज संपताच फक्त तेवढीच फाइल काढून टाकता येते.