त्रिपुरी झाली, आता माळा आवरायला घेतला

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, डोंबिवली

बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा झाली. आमच्याकडे त्या रात्रीपर्यंत कंदील लावायची पद्धत आहे, मग तो उतरवला आणि आज सकाळपासून माळ्यावरचं सगळं सणांचं सामान हॉलमध्ये काढून पसरलंय. मला या कामाला हेच दिवस बरे वाटतात. दिवाळीआधीची साफसफाई म्हणजे पंखे, डबे, जळमटं, तेव्हा सजावटीची खोकी कोण आवरत बसणार, उलट त्यातूनच घाईघाईत वस्तू ओढून काढायच्या असतात आणि बाकीचं तसंच कोंबायचं. आता श्रावणापासूनची सगळी रांग संपली आणि संक्रांत थेट १४ जानेवारीला, तोवर कुणाला काही लागत नाही.

सगळं एकत्र बघितल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. ज्या गोष्टींनी घर खरंच सणाचं वाटतं त्यातली एकही माळ्यावर नव्हती. आंब्याचे डहाळे, झेंडू, केळीचे खांब, रांगोळी, हे सगळं येतं, दोन-चार दिवस राहतं आणि निर्माल्यात नाहीतर झाडाच्या मुळाशी जातं, त्याला जागा लागतच नाही. माळा भरलाय तो "एकदाच घ्या, दरवर्षी वापरा" म्हणून आणलेल्या वस्तूंनी. प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा ज्यांचा केशरी रंग उडून फिक्कट गुलाबी झालाय, चिकट धूळ बसलेले मखमली पडदे ज्यांना पावसाळ्यात बुरशीचा वास धरतो, तीन प्रकारची फोमची लोटस, हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेले छोटे प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या. हे सगळं काढून टाकलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मग मनाशी ठरवलं की सांगाडा ठेवायचा, वरचा साज दरवर्षी नवा. ही काही माझी अक्कल नाही, आपला पारंपरिक कंदीलच तसा असतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीने चिकटवलेला कागद, कडेला करंज्या आणि खाली शेपट्या. कागद पावसाने, उन्हाने खराब झाला की फाडायचा, ओल्या फडक्याने कामट्या पुसायच्या, पुढच्या आश्विनात नवा कागद. आज मी तेच केलं, आणि कागद काढल्यावर तो सांगाडा दोऱ्या सोडून सपाट झाला, कपाटामागे मावला! त्याच्या शेजारी तो प्लास्टिकचा घडीचा चांदणीवाला, त्याच्या घड्या तुटलेल्या, त्याला ना जोडता येतं ना उघडता येतं. गेला.

सगळ्यात अवघड होतं ते मखर. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः कापलेलं थर्माकोलचं मखर, दोन मोर आणि मधे कमान. तापलेल्या तारेने कापायचे, रात्री जेवणं झाल्यावर बसायचे, आणि रंग पाण्याचेच, कारण ऑइल पेंट लागला की थर्माकोल विरघळतं हे ते प्रत्येकाला सांगायचे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली, मखरांसाठी सवलत मागितली होती तीसुद्धा त्या वर्षी हायकोर्टाने दिली नाही, आणि तेव्हापासून ते मखर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर पडून होतं. बंदी योग्यच आहे, मी त्या बाजूची आहे, थर्माकोल कुजत नाही आणि हलकं म्हणून भंगारवालाही घेत नाही. पण बाबांच्या हातचं. आई दुपारभर त्याच्याकडे बघून काही बोलल्या नाहीत.

चादर पूर्ण उलगडली तेव्हा आत कागदाची एक जाड गुंडाळी सापडली. बाबांनी आधी वर्तमानपत्रावर काढलेले नमुने, मोराची मान, पिसारा, कमानीचा अर्धा भाग, आणि प्रत्येकावर पेन्सिलने "उलटा करून दुसरी बाजू" असं लिहिलेलं. म्हणजे सांगाडा हाच की! मी आईंना म्हटलं, हे पुठ्ठ्यावर कापता येईल, दोन थर चिकटवले की उभंही राहील. त्यांनी लगेच विचारलं पुठ्ठा कुठून आणणार. फ्रिजच्या दुकानात मोठी खोकी मिळतात म्हटलं. मग त्या स्वतःच म्हणाल्या की थर्माकोल सुक्या कचऱ्यात दे, मात्र चुरा करू नकोस, वाऱ्याने सगळीकडे जातो. नमुने आता लाटण्याएवढ्या जाड पाइपवर गुंडाळून, सुती कापडात, वर.

गौरींचं सामान बाकी मी कमी करणार नाही, त्यावर चर्चाच नको. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठावर पूजा घ्यायची, मूळ नक्षत्रावर निघायचं, एवढा छोटा मुक्काम आणि सामान अख्ख्या कप्प्याचं: मुखवटे, स्टँड, हात, दागिने, मुकुट, गजरे. पितळी मुखवटे घासून पूर्ण कोरडे करून वेगवेगळ्या सुती कापडात ठेवले, एकमेकांवर घासले तर नाकाला चरे पडतात. नणंदेकडचे शाडूचे आहेत, तिला मुद्दाम सांगितलं की पाणी अजिबात लावू नकोस, मऊ ब्रशने धूळ झटक आणि कापसात ठेव.

लायटिंगच्या माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळल्या, नाहीतर पुढच्या वर्षी अर्धा तास गुंता सोडवण्यात. अर्धी पेटणारी माळ कुणीतरी दुरुस्त करेल म्हणून ठेवायची नाही, ती ई-कचऱ्याच्या खोक्यात. बॅटरीच्या पणत्यांमधले सेल काढले, आत राहिले की गळतात आणि पत्र्याला पांढरी पूड धरते. किल्ल्यावरचे मावळे, गवळण, गुहेतला वाघ लेकाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, प्रत्येकाला खळगा, एकाचीही तलवार मोडणार नाही. हलव्याचे दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण साखर ओल धरते आणि मुंग्यांना पत्ता लागायला वेळ लागत नाही.

खोक्यांवर नावं मी मराठी महिन्यांनी टाकली. नवरा ऑगस्ट-सप्टेंबर लिहीत होता, त्याला थांबवलं. यंदा गणपती २७ ऑगस्टला आले, पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे म्हणून ते १४ सप्टेंबरला येणार, दिवाळी नोव्हेंबरात जाणार. भाद्रपदाचं खोकं मात्र भाद्रपदातच उघडणार. माळ्यावर पौष सगळ्यात पुढे, मग चैत्र, त्यात गुढीचा तांब्या, खण आणि चैत्रगौरीचा पितळी झोपाळा. श्रावण-भाद्रपद-आश्विन मागे. एक महिना आला की ते खोकं काढायचं आणि सण झाला की सगळ्यात मागे सरकवायचं.

एवढं होऊन एक वस्तू अजून टेबलावर आहे, आईंच्या माहेरचं काचेच्या नळ्यांचं तोरण. दोरा कुजलाय, हातात घेतलं की नळ्या घरंगळतात, पोपटांची जोडी अर्धी सुटलीये. मी म्हटलं फ्रेम करू. आई म्हणाल्या, दाराचं तोरण भिंतीवर कशाला, दोरा आण, मी ओवते. डोळ्यांना झेपेल का हा प्रश्न आहे, पण नळ्या रंगांप्रमाणे वाट्यांमध्ये लावून द्यायचं काम मी आणि लेक करू शकतो. उद्या फडके रोडला जाऊन मेणाचा बारीक दोरा आणि लांब सुई बघते. पौषाच्या खोक्यात थोडी जागा आहे, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत झालं तर ते दारालाच लागेल आणि नाही झालं तर चैत्रात.