दुआच्या जागा: मुल्तजमपासून जमरातपर्यंत

हज-उमऱ्याला गेल्यावर दुआ (प्रार्थना) कुठे आणि कशी मागावी, ते इथे क्रमाने. मक्केत हजरे अस्वद (काब्याच्या कोपऱ्यातला काळा दगड) आणि काबागृहाचा दरवाजा यांच्यामधली भिंत म्हणजे मुल्तजम. रुंदी जेमतेम दोन मीटर. छाती, गाल आणि पसरलेले हात भिंतीला लावून इथे दुआ मागतात. पण त्या भिंतीला अत्तर लावलेलं असतं आणि एहरामात (हज-उमऱ्याच्या पवित्र अवस्थेत) सुगंध वर्ज्य आहे. म्हणून उमऱ्याच्या (हजखेरीजच्या छोट्या यात्रेच्या) तवाफात, म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्यांत, लांबूनच हात उचलावेत. एहराम उतरल्यावर नफल (ऐच्छिक) तवाफ करावा आणि तेव्हा जवळ जावं. रेटारेटी करून कुणाला इजा करण्यापेक्षा लांबून मागितलेली दुआ मला केव्हाही बरी वाटते.

काब्यालगतच्या हतीमची अर्धगोल भिंत दिसते वेगळी, पण आतली काही जागा मूळ काब्याचीच. त्यामुळे मीजाबे रहमतखाली (काब्याच्या छताच्या पन्हळीखाली) नमाज-दुआ जरूर करावी, तवाफ मात्र भिंतीबाहेरून. आतून गेलात तर तो फेरा धरला जात नाही.

मग सफा आणि मरवा या जवळच्या दोन टेकड्यांमधले सात फेरे. सफावर चढलं की काब्याकडे तोंड करून तकबीर (अल्लाहु अकबर) आणि दुआ, असं तीनदा. सफा ते मरवा हा एक फेरा, परत येणं दुसरा. सातवा मरवावर संपतो. जाऊन-येऊन एक असं मोजणारे चौदा फेरे चालतात.

सगळ्यात जपायचा दिवस 9 जिल्हिज्जचा (हजच्या महिन्याचा), मक्केजवळच्या अरफात मैदानातला. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अरफातच्या हद्दीबाहेर, उरना खोऱ्यात येतो. खुतबा (प्रवचन) ऐकून तिथेच बसून राहिलात आणि मागे हद्दीत आलाच नाहीत, तर वुकूफ (अरफातमध्ये थांबणं) होत नाही, म्हणजे हजच हुकतो. हद्दीच्या पिवळ्या पाट्या बघून खात्री करा. जबले रहमत या अरफातमधल्या डोंगरावर चढणं गरजेचं नाही. दुआ मागताना तोंड डोंगराकडे नको, किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला) हवं. तंबूत कोकणातले शाफई आणि मराठवाड्यातले हनफी, असे दोन वेगळ्या फिकही पंथांचे लोक शेजारी असतात. जोहर-असर (दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची नमाज) एकत्र पढायची की वेगळी, हे आपापल्या आलिमाला (धर्मपंडिताला) आधीच विचारून ठेवावं, नाहीतर दुआची वेळ वादात जाते. दुपारी पाणी पिऊन, सावलीत थोडं पडून घ्या. असरनंतरचा तास खरा मोलाचा, आणि नेमके तेव्हाच लोक सामान बांधून बसची रांग धरतात. सूर्य बुडेपर्यंत हात खाली येऊ नयेत.

11 आणि 12 तारखेला मिनात लहान आणि मधल्या जमरातला (सैतानाचं प्रतीक असलेल्या खुणेला) सात-सात खडे मारल्यावर बाजूला सरून, किब्ल्याकडे तोंड करून निवांत दुआ मागायची. मोठ्या जमरातनंतर थांबायचं नाही, सरळ पुढे निघायचं.