गाळलं ते कबूल

बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरात मी एकटीच होते. घराची दुरुस्ती केलेल्या ठेकेदाराने माझ्यावर १ लाख ४० हजारांचा दावा केला होता. म्हणे मोरीचं आणि गच्चीचं जादा काम मी तोंडी सांगितलं आणि पैसे बुडवले. मी असं काहीही सांगितलं नव्हतं. ठरलेली सगळी रक्कम बँकेतून पोचती केली होती. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी एका वकिलांनी २५ हजार फी सांगितली आणि मी ठरवलं, आपणच उभं राहायचं.

तशी मुभा आहेच. दिवाणी दाव्यात पक्षकार स्वतः हजर राहून आपली बाजू मांडू शकतो. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या वतीने मी बोलतो." ते मात्र तसं होत नाही. कुलमुखत्यारपत्र दिलं तर तो कागदांवर सह्या करू शकतो, पण वकील नसताना दुसऱ्यासाठी युक्तिवाद करायला १९६१च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे कोर्टाची परवानगी लागते.

दाव्याला उत्तर म्हणून द्यायच्या लेखी जवाबाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस. कारण पटलं तर कोर्ट ९० पर्यंत वाढवून देतं, पण त्या भरवशावर मला राहायचं नव्हतं. कोर्टाचं कामकाज गुजरातीत. जन्म बडोद्यातला, गुजराती सहज बोलते, तरी आधी मराठीत लिहिलं आणि मग गुजरातीत उतरवलं. आठ पानं झाली. ती आमच्या वाड्यातल्या काकांना दाखवली. कोर्ट दिवाळीपुऱ्याला जाण्याआधी, न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत असताना, ते तिथे कारकून होते. त्यांनी माझी पानं बाजूला ठेवून आधी ठेकेदाराची दावाअर्जी मागितली.

"अगं, सातव्या कलमात तो म्हणतो, गच्चीचं काम तू सांगितलंस. ते नाकबूल कुठे केलंयस?"

"काका, सगळी हकीकत लिहिलीय. तो खोटं बोलतोय हे त्यातून कळतंच ना."

"कळून चालत नाही. एकेक कलम घ्यायचं आणि लिहायचं, हे कबूल, हे नाकबूल. गाळलंस ते कबूल धरतात."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशातला पाचवा नियम नेमका हाच आहे. माझ्या आठ पानांत ठेकेदाराचा उर्मटपणा होता, ह्यांचं आजारपण होतं, सातवं कलम नव्हतं.

मग दोन दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. स्वतः लढायचा विचार असेल त्याने हे जरूर करावं. बहुतेक प्रकरणं पुकारा होऊन दोन मिनिटांत पुढच्या मुदतीवर जात होती. एक बाई स्वतःच उलटतपास घेत होत्या. साक्षीदाराला प्रश्न विचारायचं सोडून त्या आपली कहाणीच सांगू लागायच्या, आणि साहेब पुन्हा पुन्हा म्हणायचे, "बेन, प्रश्न विचारा." त्यांचं म्हणणं खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं, पण त्यातलं नोंदीवर काहीच येत नव्हतं. त्यांच्या जागी मी मला पाहिलं.

काकांनीच कानूनी सेवा सत्तामंडळाचं सुचवलं. १९८७च्या कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतकी वर्षं हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना ते नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. मिळालेल्या वकीलताई वयाने लहान, पण पहिल्याच भेटीत त्यांनी व्हॉट्सॲपचे निरोप मागितले. मी नुसत्या छापील प्रती जोडणार होते. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

वकालतनाम्यावर सही केली. आता कोर्टात त्या बोलतात, पण तारीखवार घटना आणि बँकेचे उतारे मीच लावून दिले. सत्ताविसाव्या दिवशी जवाब दाखल झाला, कलमवार.

सगळा व्यवहार कागदावर असता, तोंडी कराराचा वाद नसता, तर मी अजूनही एकटी उभी राहिले असते. पुढची मुदत कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याची, म्हणजे नेमकं कशावर निकाल द्यायचा ते ठरवण्याची आहे. उलटतपासात ठेकेदाराला काय काय विचारायचं, ते मी आत्तापासूनच ताईंसाठी लिहून ठेवते आहे. पहिला प्रश्न, गच्चीच्या सिमेंटचं बिल कुणाच्या नावावर आहे?