माझा अनुभव: सरपंच मी, डोंगल भावजींच्या खिशात

डिसेंबर 2022 ला मी थेट सरपंच म्हणून निवडून आले, 18 ला मतदान आणि 20 ला निकाल, गुलाल एवढा की दोन दिवस डोकं धुतलं तरी पाणी लालच. पण खरं सांगायचं तर उभं राहायचं धाकट्या दिरांना होतं. आरक्षणाच्या सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण महिला पडलं आणि त्यांची पंचाईत झाली. जाऊबाईंना उभं करावं तर त्यांना तीन लेकरं, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालेलं असलं की फॉर्मच बाद. मग उरले कोण तर मी, बारावी पास, दोन लेकरं, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला, म्हणजे मध्ये बोलायला पण कोण नाही.

निवडणुकीचं काय सांगू, दाखले, शपथपत्र, घरात संडास असल्याचा दाखला, सगळं भावजींनीच केलं, मी फक्त नमस्कार करत फिरले. बॅनरवर माझा फोटो पासपोर्ट साईज आणि त्यांचा फेटा बांधलेला. तेव्हा मला पण त्यात काही वावगं वाटलं नाही हे कबूल करते.

जानेवारीत भावजी एक फॉर्म घेऊन आले, "वहिनी हितं सही करा आणि ह्या मोबाईलकडं बघून नाव सांगा." मी सांगितलं. चहा ठेवला होता गॅसवर, माझं सगळं लक्ष तिकडं. नंतर कळलं की ती माझी डिजिटल सही होती, डीएससी, पेनड्राईव्हसारख्या डोंगलमध्ये असते ती. केंद्राकडनं गावाला येणारे पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरनं निघायचे, ग्रामसेवक मेकर म्हणजे बिल भरणारा आणि सरपंच चेकर म्हणजे मंजूर करणारा, दोघांचा डोंगल लागल्याशिवाय ठेकेदाराच्या खात्यात रुपया जात नाही. म्हणजे गावाची अर्धी किल्ली माझी. आणि ती दोन वर्षं भावजींच्या बुलेटच्या चावीला अडकवलेली, पिन त्यांचा, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. मी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला झेंड्याला, आणि हळदीकुंकवाला.

हे कळलं कसं ते पण ऐका. महिला ग्रामसभेत एका मावशींनी विचारलं, आमच्या दारातल्या गटारीला किती पैसे पडले? मी गप्प. आमची महिला सभा म्हणजे तशी 10 मिनिटांचं काम, रजिस्टरवर सह्या आणि वडापाव, त्यात असा प्रश्न पहिल्यांदाच आला. घरी आल्यावर लेकीनं मोबाईलवर पंचायतीची माहिती काढून दाखवली, कामं, बिलं, तारखा, सगळं उघडंच असतं तिथं. माझ्या सहीनं निघालेली बिलं मी लेकीच्या मोबाईलवर बघत होते. त्या रात्री झोप नाही आली मला.

भांडले नाही. भांडून काय झालं असतं, हे म्हणाले असते घरात कटकट नको. मी वाट बघितली, कारण त्या डीएससीची मुदत 2 वर्षांचीच होती. 2025 च्या जानेवारीत ती संपली आणि नवीन काढायला परत माझं तोंड लागणार होतं कॅमेऱ्यासमोर, ते काय भावजींना फेटा बांधून जमणार नव्हतं! त्यांनी फॉर्म आणायच्या आधीच मी कोल्हापूरला बाजाराचं निमित्त काढून एजंटकडं गेले, पॅन, आधार, नंबर माझा, ईमेल लेकीनं उघडून दिलेला. व्हिडिओत नाव सांगताना आवाज कापला, परत करायला लागला.

मग तो नवा डोंगल सिस्टीमला चढवायला पंचायत समितीत तीन हेलपाटे. पहिल्यांदा, "साहेब नाही आले का?" मी म्हटलं साहेब मीच, तर ऑपरेटर हसला. दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. तिसऱ्यांदा काम झालं.

कावळा नाक्याला एसटीची वाट बघत उभी होते तेव्हा ताराराणींच्या पुतळ्याकडं लक्ष गेलं. पती राजाराम महाराज 1700 मध्ये गेले आणि ताराराणींनी राज्य हातात घेतलं. आणि आजही बघा, संध्यादेवी कुपेकर 2013 ला चंदगडमधनं आणि जयश्री जाधव 2022 ला कोल्हापूर उत्तरमधनं आमदार झाल्या, दोघी पण पती गेल्यावरच्या पोटनिवडणुकीत. निवेदिता माने 1999 आणि 2004 ला इचलकरंजीतनं खासदार होत्या हे खरं, पण 2024 ला जिल्ह्यात 10 आमदार निवडून आले, त्यात एक बाई नाही. 2023 ला संसदेत लोकसभा-विधानसभेतल्या महिलांच्या 33 टक्के आरक्षणाचा कायदा झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार. आमच्याकडं गावात 2011 पासून 50 टक्के आहे म्हणून माझ्यासारखी तरी आली. तिकडं लागू झालं की तिकडच्या भावजींचं काय होतंय ते बघायचंय मला.

घरी काय झालं विचारू नका. भावजी काहीच बोलले नाहीत, सासूबाई मात्र आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, धाकटा त्यांचा लाडका.

पहिलं बिल मी काढलं अंगणवाडीच्या रंगकामाचं. पिन दोनदा चुकला, हाताला घाम, भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, म्हणाले, "मॅडम सावकाश, लॉक होईल." झालं एकदाचं. दुसरं होतं वरच्या गल्लीच्या गटारीचं. बचत गटाच्या चौघी जणी घेऊन टेपनं मोजलं, कागदावर 120 मीटर आणि जागेवर 97. ते बिल अजून काढलं नाही. भाऊसाहेबांना सांगितलंय, फेरमोजणी करा आणि माझ्यासमोर करा.

भावजी रोज संध्याकाळी चहाला येतात, "वहिनी, गटारीचं काय?" विचारतात, मी साखर जास्त घालते. डोंगल कुठं ठेवते ते हितं लिहीत नाही, ते पण वाचतात हे.